निळ्या दाराची कडी

एकोणसाठ गुण. बगळ्यांनी घरच्या मैदानावर एकोणसाठ गुण खाल्ले, आणि तेसुद्धा ज्या कॉलेजचं नाव ओडील गिड्रीला धड घेता येत नव्हतं त्या कॉलेजकडून. शनिवारी ती मैदानातून घरी आली ती थेट अंथरुणात. रविवारी चर्चमध्ये प्रार्थनेला डोळे मिटले तर मिटल्या डोळ्यांपुढे तेच. पांढऱ्या सदऱ्यातलं एक काटकुळं पोरगं चेंडू काखेत मारून पळतंय आणि आपले चार धटिंगण एकमेकांची तोंडं बघताहेत, जसा काही लग्नातला पाहुणा मुलीकडचा की मुलाकडचा हेच ठरेना.

बेल-रिव्हमध्ये दुसरं होतं तरी काय? साखरेचा कारखाना बंद पडून वीस वर्षं झाली. कॉलेज राहिलं आणि कॉलेजचा अमेरिकन फुटबॉलचा संघ राहिला. बगळे. ओडीलचा नवरा अल्सीद गेला तेव्हा तिने त्याच्या हातात जपमाळ दिली आणि खिशात येत्या शनिवारचं तिकीट. पाद्री काही बोलला नाही. पाद्रीही बगळ्यांचाच होता.

रविवारी चार वाजता रेडिओवर क्लोव्हिसचा कार्यक्रम लागे. लोक फोन करून संघाच्या नावाने खडे फोडत. त्यात ओडीलचा फोन म्हणजे मेजवानीतला शेवटचा गोड पदार्थ. अख्खं गाव तिला 'तांत' म्हणे, मावशी म्हणावं तसं. ती रविवारी बोलली की सोमवारी खाटकाच्या दुकानात तेच वाक्य चार जणांच्या तोंडी. ओडील तिसरीत शाळा सोडलेली. पण कॉलेजातल्या कुठल्या प्रोफेसरचं वाक्य खाटकाकडे बोललं जातं, हे तिने एकदा एका प्रोफेसरलाच विचारलं होतं.

त्या दिवशी तिने एका हाताने गंबोच्या रश्श्यासाठी तुपात पीठ परतायला घेतलं आणि दुसऱ्या हाताने फोन लावला.

"तांत ओडील! वाटच बघत होतो. काल बघितलंत?"

"बघितलं. म्हटलं, देवा, मोतीबिंदू काढलास कशाला?"

"काय चुकतंय हो आपलं?"

"अरे, खेळ काय अवघड आहे? समोरचा चेंडू घेऊन पळतो. त्याला धरायचा आणि आडवा पाडायचा. माझी मांजर करते ते. आणि आपली बचावफळी एका पायावर उभी! अरे, खरा बगळा एका पायावर उभा राहून निदान मासा तरी धरतो!"

क्लोव्हिस टेबल बडवून हसला. तिथे थांबायचं होतं. पण हशाचं असं असतं, एकदा पिकला की माणूस दुसऱ्याची वाट बघतं.

"आणि त्या लिंडक्विस्टचं काय करायचं, तांत?"

लिंडक्विस्ट म्हणजे बचावफळीचा कोच. बर्फाच्या मुलखातून औंदाच आलेला, उन्हात लाल होणारा, गंबोला 'सूप' म्हणणारा.

"त्याचं काय करायचं? ज्याला स्वतःचं घर राखता येत नाही तो मैदान काय राखणार? माझ्या समोरच राहतो, चर्चच्या मागे, निळ्या दाराचं घर. त्या दाराची कडीसुद्धा लागत नाही! सताड उघडं. जा, शिरा आत, हवं ते उचला. अडवणार कोण? त्यांच्या घराण्यात अडवणं नाहीच!"

क्लोव्हिसला हसू आवरेना. मग त्याने तेवढंच वाक्य पुन्हा लावलं. 'अडवणार कोण?' ओडीलने फोन ठेवला आणि पीठ हलवू लागली. पाठोपाठ फोन खणाणला. चुलतबहीण झेली.

"अगं ओडील, मला ठसका लागला गं! घराण्यात अडवणं नाहीच! तुझी जीभ म्हणजे..."

"तिखट लागली तर पाणी पी," ओडील म्हणाली आणि आरशात न बघताच तिला कळलं की आपण हसतोय.

साडेचारला भाचा रेमी आपला ट्रक घेऊन आला आणि निळ्या दारासमोरच्या हिरवळीत त्याने पाटी ठोकली. 'घर विकणे आहे'. ही गावची जुनी रीत. कोच हरायला लागला की त्याच्या अंगणात पाटी. चाळीस वर्षांपूर्वी अशीच पाटी ठोकताना ओडीलने स्वतः अल्सीदला कंदील धरला होता. ती खिडकीत आली. रेमीने तिला हात केला, तिने रेमीला झारा दाखवला. रेमी गेला.

मग दुसरा ट्रक आला. तो तिच्या ओळखीचा नव्हता. त्यातून अंड्यांचा एक डबा आणि दोन माणसं उतरली. मग तिसरा, चौथा. ओडीलने चष्मा पुसून पाहिलं. या गावात तिला ट्रकच्या आवाजावरून मालक ओळखता येई. यातला एकही आवाज गावातला नव्हता. रेडिओ चार जिल्ह्यांत ऐकू जातो, हे तिला ठाऊक होतं. त्याचाच तर तिला अभिमान होता.

समोरच्या घरात पुरुष नव्हता. रविवारी कोच लोक कॉलेजात बसून कालच्या सामन्याची चित्रफीत बघतात, हे शेंबडं पोरही सांगेल. घरात होती ॲनिका, कोचची बायको, आणि तिचं पाच महिन्यांचं बाळ.

आणि तेव्हा ओडीलला मंगळवार आठवला.

मंगळवारी ॲनिका आली होती, गंबोचा डबा परत द्यायला. बाळ कमरेवर. जायला निघाली आणि उंबऱ्यात घुटमळली.

"तांत, ओळखीचा सुतार आहे का कोणी? त्या वादळापासून दाराची चौकट फुगलीय. कडी बसतच नाही. घरमालक लक्ष देत नाही. ब्रँटला कॉलेजातून यायला उशीर होतो. मी दाराला खुर्ची लावून झोपते." मग ओशाळं हसली. "कोणाला सांगू नका हं."

"मी कशाला सांगतेय? रेमीला पाठवते. त्याच्याकडे रंधा आहे."

रेमीला तिने सांगितलं नव्हतं. राहून गेलं होतं. एका माणसाला सांगायचं ते राहिलं आणि चार जिल्ह्यांना सांगून झालं.

तिने शेरिफच्या पोलीस कचेरीत फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, गाडी हमरस्त्यावरच्या अपघाताकडे गेलीय, अर्ध्या तासात पाठवते. "आणि तांत, आज काय बोललात हो!"

मग रेमीला.

"रेमी, इथे माणसं जमलीत. आपली नाहीत. तू ये."

"अगं, गंमत आहे ती! दोन अंडी फेकतील आणि जातील."

"रेमी, त्या पोरीच्या दाराला कडी नाही."

"ठाऊक आहे की! तूच सांगितलंस ना!" आणि तो हसला. मागे अजून कोणी कोणी हसलं.

"गाढवा, मी हसवत नाहीये!"

"अगं, पोटात दुखायला लागलंय, पुरे!" त्याने फोन ठेवला.

ओडील फोनकडे बघत राहिली. तिचं बोलणं आता कुणाला खरं वाटणारच नव्हतं.

खिडकीबाहेर एक अंडं निळ्या दारावर फुटलं. मग एक जण ट्रकमधून उतरला, दारापेक्षा रुंद, डोक्यावर बगळ्याची टोपी, हातात बाटली. तो हिरवळीत थांबला नाही. पायऱ्या चढू लागला.

ओडीलने गॅस बंद केला. पीठ आता गेलंच. परतायला घेतलेलं पीठ सोडून तिच्या आईच्या मरणालासुद्धा ती उठली नव्हती. चपला घालायचं सुचलं नाही. रस्ता वीस पावलांचा. सातव्या पावलाला तिला आवाज आला, आतल्या फरशीवर खुर्ची घासत गेल्याचा. मग खुर्ची पडल्याचा.

"अरे, खरंच रे!" तो माणूस मागच्यांना ओरडून सांगत होता. "म्हातारी खोटं नाही बोलली! कडी नाहीच!"

तो आत गेला. बाळ रडत होतं ते एकदम थांबलं. उरलेला रस्ता ओडील पळतच गेली. लेकरू असं आपोआप थांबत नाही. कुणीतरी तोंडावर हात ठेवल्याशिवाय नाही.

हिरवळीतली माणसं तिला वाट देत बाजूला झाली. तिच्या हातात अजून झारा होता हे तिला त्यांच्या हसण्यावरून कळलं.

आत खुर्ची आडवी पडलेली. दुधाची बाटली लवंडून फरशीवर दुधाची रेघ. स्वयंपाकघरात रेडिओ चालू होता आणि रेडिओत क्लोव्हिसने पुन्हा लावलेली ओडील बोलत होती. 'सताड उघडं. जा, शिरा आत, हवं ते उचला.' तिने आपला आवाज कधी असा ऐकला नव्हता, दुसऱ्याच्या घरात उभं राहून. कुणी चांगल्या घरची बाई आहे असं त्यावरून वाटत नव्हतं.

तो माणूस बोळकांडीत उभा होता. भिंतीवरचा फोटो त्याने काढून हातात घेतला होता. नवरा, बायको, गुंडाळलेलं बाळ. त्याच्या पलीकडे न्हाणीघराचं बंद दार.

"ठेव ते," ओडील म्हणाली.

त्याने वळून पाहिलं, आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. "हा आवाज... तुम्ही तांत ओडील! अहो, मी तीन वर्षं ऐकतोय तुम्हाला! माझी आई तर तुमच्यासाठी जेवण थांबवते!"

"फोटो भिंतीला लाव आणि बाहेर हो."

"हवं ते उचला म्हणालात ना? हा आमच्या अड्ड्यावर टांगतो."

एकाहत्तर वर्षांत जे वाक्य ओडीलने ना अल्सीदला म्हटलं होतं, ना पाद्र्याला, ते तिने म्हटलं. "मी चुकले. मी तसं बोलायला नको होतं."

त्याने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग मांडी थोपटून हसला. "वा, तांत! मी चुकले! अजून एक सांगा!" आणि हसता हसता त्याने मागे हात टेकला, तो न्हाणीघराच्या दारावर. दार कडकडलं. आतून एक बारीक आवाज आला, उंदराएवढा. त्याने मान वळवली. "आत आहे का कोणी?"

ओडीलची जीभ एकाहत्तर वर्षं तयार झालेली होती. मालकीण घाबरली तरी ती चालली.

"असेल माझी मांजर. बगळ्यांना खेळ शिकवायला येते इथे." ती हसली. कसं हसली ते देवाला ठाऊक. "अरे मुला, तुझ्या आईला माझ्याबरोबरचा फोटो नको का? आणि तो काय या अंधाऱ्या बोळात काढणार? चल, बाहेर पाटी आहे, ऊन आहे. पाटीपाशी काढू."

"खरंच?"

"आणि हा हातातला मला दे. फोटोत फोटो कशाला?"

त्याने दिला. शहाण्या मुलासारखा दिला. ती त्याच्या कोपराला धरून पायऱ्या उतरली. 'घर विकणे आहे' पाटीच्या एका बाजूला तो, एका बाजूला ती, अनवाणी, हातात झारा. मग सगळ्यांनाच फोटो हवा झाला. प्रत्येकाला एकेक वाक्यही हवं. ती देत गेली. "बचावफळी? अरे, आमच्या चर्चच्या म्हाताऱ्या याहून बऱ्या अडवतात, प्रसादाच्या पावाच्या रांगेत!" हशावर हशा. न्हाणीघराची छोटी खिडकी याच बाजूला होती, अर्धी उघडी. ओडीलने तिकडे पाहिलं नाही.

"जा आता," शेवटी ती म्हणाली. "सोमवारी कामाला जायचंय तुम्हाला. बगळ्यांसारखे घरी बसून पगार नाही मिळत."

ऊन उतरताना ट्रक हलले. सगळे नाहीत. दोन थांबले, आणि वळणावर अजून एकाचे दिवे दिसले, सावकाश येणारे, घरं वाचत येणारे.

ओडील आत आली. रेडिओ बंद केला. फोटो खिळ्याला लावला. वाकडा लागला, सरळ केला. मग न्हाणीघराच्या दारापाशी गेली.

"बाळ, मी आहे. ओडील. गेले ते."

तिने बोटाने दारावर टकटक केलं.

"शेरिफची गाडी येतेय. रेमीला मी... उद्याच्या उद्या सुतार आणते. उघड."

मग ॲनिकाचा आवाज आला, अगदी खालून, जमिनीशी बसल्यासारखा.

"अजून कोण आहे तुमच्याबरोबर?"

"कोणी नाही गं."

"तुम्ही हसत होतात."

ओडीलने तोंड उघडलं. उत्तर होतं, चांगलं लांबलचक होतं, आणि सगळं खरं होतं. पण ते याच आवाजात सांगावं लागलं असतं. दुसरा आवाज तिच्याकडे नव्हता.

तिने तोंड मिटलं. आतून कडी पुन्हा एकदा तपासल्याचा खटका आला. ती कडी पक्की होती.

बाहेर नवा ट्रक थांबला. ओडीलने पडलेली खुर्ची उचलून निळ्या दाराला लावली, पण ती मघाशीही टिकली नव्हती, म्हणून काढली आणि स्वतःच फरशीवर बसली. पाठ दाराला टेकवली, अनवाणी टाचा समोरच्या भिंतीला रोवल्या. पायरीवर पाऊल वाजलं. दुसरं वाजलं.

"आहे का रे खरंच उघडं?" कुणीतरी विचारलं.

तिने टाचा अजून दाबल्या.