परक्या सायबाचा सवाल

लग्नानंतर सत्यवती आणि गिरिधर सोमकुवर यांना एकत्र मिळाला तो जेमतेम एक उन्हाळा. पाचपावलीतल्या दोन खोल्या, अंगणात वाळ्याच्या ताटीवर मारलेलं पाणी, आणि बाजेवर बसून विड्या वळणारी सासू रंभाबाई. गिरिधर रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होता. विलायतेतल्या कारखान्यांना हाताला कसब असलेली माणसं हवीत, असं कोणीतरी सांगितलं म्हणून त्याने अर्ज टाकला होता. तो विसरूनही गेला होता. अडुसष्ट साली परवाना आला तेव्हा घरात आनंद कोणी करायचा आणि रडायचं कोणी, हेच ठरेना.

"तिकडं खोली पाह्यतो अन् तुले बोलावतो," गिरिधर म्हणाला. "सालभराचा तर सवाल हाये."

सालभराची दोन वर्षं झाली, मग तीन. आधी खोली मिळत नव्हती. पाच जण एका खोलीत पाळीपाळीने झोपत होते. खोली मिळाली तोवर कायदा बदलला. आता बायकोला नुसतं जहाजात किंवा विमानात बसून येता येत नव्हतं. मुंबईच्या कचेरीतून आधी दाखला घ्यायचा, त्यासाठी मुलाखत द्यायची, आणि मुलाखतीची तारीख यायची वाट पाहायची. सत्यवती वाट पाहत राहिली. सासूला ती आत्याबाई म्हणायची; तिच्याबरोबर बसून विड्यांसाठी तेंदूची पानं कातरायची, आणि पोस्टमन गल्लीच्या तोंडाशी दिसला की तिची कातर आपोआप थांबायची.

"त्याच्या सायकलीले काय तुही नजर बांधली हाये का वं?" रंभाबाई म्हणायची. पण तिचाही हात तेवढा वेळ थांबलेला असायचा.

गिरिधरची पत्रं यायची. पुढे पुढे ती लहान होत गेली आणि अक्षर वेडंवाकडं झालं. थंडीने हात आखडतात, असं त्याने लिहिलं होतं. सत्यवतीने लोकर आणून हातमोजे विणले आणि पार्सलने पाठवले. ते छान बसले, असं त्याने कळवलं.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात तारीख आली. सत्यवतीचा भाऊ रुपराव म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तर होता. तो सोबत निघाला. तिने लग्नातला फोटो एका पुठ्ठ्यात घालून घेतला. गाडीत ती रुपरावकडून घोकून घेत होती: सासऱ्याचं पूर्ण नाव, लग्नाची तारीख, घराचं तोंड कोणत्या दिशेला.

आत मात्र रुपरावला सोडलं नाही. टेबलापलीकडे गोरा साहेब बसला होता आणि त्याच्या बाजूला एक दुभाषा. दुभाष्याचं मराठी छापल्यासारखं स्वच्छ होतं, त्यामुळे सत्यवती आणखीच बुजली.

"लग्न कोणत्या भटजींनी लावलं?"

"भटजी नव्हता जी."

"मग होम? सप्तपदी?"

"आमच्यात नसते. आमच्या घरानं छप्पन साली दीक्षा घेतली. पांढऱ्या कपड्यावर, बुद्धाच्या अन् बाबासाहेबाच्या फोटोसमोर लग्न लागलं. पंचशील म्हटलं, हार घातले."

दुभाष्याने ते सगळं एका वाक्यात उरकलं. तिने पुठ्ठ्यातला फोटो पुढे केला, तो पाहून साहेबाने भुवई वर केली. त्याच्यापुढच्या कागदांत भटजी नसलेलं लग्न बसत नव्हतं. मग त्याने घरातल्या खिडक्या विचारल्या, दिराचं नाव विचारलं. दीर नाही, असं तिने सांगितलं. मग दुभाषा म्हणाला, "तुमच्या नवऱ्याच्या शरीरात काही व्यंग? काही ओळखता येईल असं?"

सत्यवतीला लाज वाटली, पण उत्तर येत होतं म्हणून बरंही वाटलं. "काही नाही जी. डोळे चांगले, हात-पाय धडधाकट."

"नीट आठवा. हातांना काही?"

"हातायले काय झालं? फिटर माणूस हाये तो. हात चांगले म्हणून तर तुमच्या सरकारनं बोलावला."

दुभाषा साहेबाशी बोलला. साहेब काहीतरी म्हणाला. मग दुभाषा तिच्याकडे न पाहता म्हणाला, "तुमच्या नवऱ्याची तिकडे मुलाखत झाली आहे. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं नाहीत. मशीनमध्ये गेली, दीड वर्ष झालं. तुम्ही त्यांच्या पत्नी, आणि तुम्हाला हे ठाऊक नाही?"

त्यानंतर साहेबाने आणखी काय काय विचारलं. सत्यवतीला ऐकू येत होतं, पण उत्तर देणारा जीव तिच्याजवळ नव्हता. कोणती दोन बोटं, एवढंच तिला विचारायचं होतं आणि ते विचारायची तिथे सोय नव्हती. साहेबाला जे वाटायचं ते वाटलं. दाखला नाकारला.

परतीच्या गाडीत रुपराव चिडून बोलत होता. अपील करू, वकील पाहू. अकोला गेल्यावर ती पहिल्यांदा बोलली.

"आत्याबाईले नको सांगू."

"काय नको सांगू?"

"बोटायचं."

घरी पोचल्यावर रंभाबाईने पाण्याचा गडवा पुढे केला आणि विचारलं, "काय म्हटलं सायबानं?"

"आपली लग्नाची रीत त्यायले समजली नाही. पुन्हा बोलावतील."

सांगून झालं आणि सत्यवतीच्या लक्षात आलं, आपणही तेच केलं जे त्याने केलं. दुखेल म्हणून झाकून ठेवलं. तरी राग गेला नाही. न्हाणीच्या आडोशाला जाऊन तिने उजव्या हाताची दोन बोटं तळव्यात मुडपून धरली आणि उरलेल्यांनी निऱ्या खोचून पाहिल्या. जमेना. मग दुसरी दोन बोटं मुडपली. तेव्हाही जमेना. पाठवलेले हातमोजे तिला आठवले. छान बसले, म्हणाला होता. त्यातली दोन बोटं रिकामी लोंबत असतील. ती तिथेच भिंतीला टेकून बसली आणि रंभाबाईने हाक मारीपर्यंत उठली नाही.

तिने पत्र लिहिलं ते एका ओळीचं. "सायबाले जे सांगता ते मले सांगायले काय झालं होतं?"

उत्तराचं पत्र आलंच नाही. थंडी पडायला लागल्यावर गिरिधर स्वतः आला.

नागपूर स्टेशनावर तो उतरला तेव्हा उजवा हात कोटाच्या खिशात होता. अंगाने भरला होता, केस मागे गेले होते. सत्यवती त्याच्या चेहऱ्याकडे पाहायच्या आधी त्या खिशाकडे पाहत राहिली. रिक्षात दोघांमध्ये सुटकेस होती. घरी आल्यावर तो आईच्या पाया पडायला वाकला, आणि वाकताना हात बाहेर काढावाच लागला.

रंभाबाईने तो हात धरला. "दे इकडं." उजेडाकडे वळवून पाहिला. अंगठ्याशेजारची दोन बोटं मुळापासून नव्हती.

"दुखते का अजून?"

"नाई माय. थंडीत थोडं ठणकते."

"हं." एवढंच म्हणून ती बाजेवर बसली आणि तिने सूप पुढ्यात ओढलं. पण त्या संध्याकाळी तिच्या विडीचा दोरा पुन्हा पुन्हा तुटत होता, आणि शेवटी तिने सूप तसंच बाजूला सारलं.

सत्यवती गिरिधरशी दोन दिवस कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी दुपारी रंभाबाई विड्या द्यायला कारखान्यात गेली होती. अंगणात उन्हाला बसून गिरिधर डाव्या हाताने संत्रं सोलायची खटपट करत होता. ती चिडून उठली, त्याच्या हातातून संत्रं हिसकून घेतलं आणि सोलता सोलता तिचा बांध फुटला.

"मह्या नवऱ्याची बोटं गेली, हे मले एका परक्या सायबानं सांगतलं. मी त्याले म्हणून राहिली का हात चांगले हायेत, अन् तो मह्याकडं पाहून राहिला, जशी मी कोणाचा तरी नवरा चोरून आणला हाये. काहून नाही सांगतलं तुम्ही?"

गिरिधरने खाली पडलेली सालं गोळा केली. मग म्हणाला, "सांगतलं असतं तर तू काय म्हटलं असतं?"

"वापस या म्हटलं असतं. दुसरं काय म्हणीन?"

"अन् मी आलो असतो, सत्या. दवाखान्यात पडलो होतो तवा कोणी नुसतं 'ये' म्हटलं असतं ना, तरी मी निघालो असतो. वापस येऊन काय केलं असतं? शेडमधी असा हात घेऊन कोण ठेवते? तिकडं कारखान्यानं स्टोअरमधी बसवलं. सामान देणं-घेणं, नोंदी. डाव्या हातानं लिवणं शिकलो."

"ते तर दिसलंच पत्रात."

"तुहे हातमोजे आले त्या दिवशी म्या कामाले सुट्टी मारली," तो म्हणाला आणि आपल्या उजव्या हाताकडे पाहत राहिला.

सत्यवतीने संत्र्याच्या फोडी त्याच्या पुढ्यात ठेवल्या. मग त्याचा उजवा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि गाठाळलेल्या जागेवरून अंगठा फिरवत राहिली. गल्लीतून कोणीतरी गेलं. पाहिलंही असेल. तिने हात सोडला नाही.

दुसऱ्या मुलाखतीला दोघं बरोबर गेले. रुपरावने लग्नाला हजर असलेल्या चौघांची प्रतिज्ञापत्रं करून दिली होती. या खेपेला टेबलामागे एक बाई होती आणि दुभाषाही दुसरा होता. बाईंनी कागद चाळले, गिरिधरचा हात पाहिला, आणि सत्यवतीला विचारलं, हा माणूस तुमचा नवरा आहे हे आम्ही कशावरून समजायचं?

सत्यवतीला आता बुजायचं कारण राहिलं नव्हतं. "चार सालं परक्या माणसाची वाट कोण पाह्यते, बाई?" ती म्हणाली. "तुम्ही पाह्यली असती का?"

दुभाषा हसला आणि मग गंभीर होऊन त्याने भाषांतर केलं. बाई हसल्या नाहीत. पण दाखला मिळाला.

निघायच्या दिवशी रंभाबाई स्टेशनावर आली नाही. "तिथं येऊन गाडीच्या मांगं धावू का मी?" म्हणाली. दारात उभं राहून तिने सुनेच्या हातात तिखटाची पिशवी दिली, भिवापुरी मिरचीचं, स्वतः कांडलेलं. रिक्षा वळेपर्यंत ती उभी होती. वळल्यावर उभी होती की नाही ते सत्यवतीला कळायला मार्ग नव्हता.

लेस्टर नावाच्या त्या गावात त्यांना वरच्या मजल्यावर एक खोली होती. खाली पंजाबी कुटुंब. आकाश दिवसचे दिवस राखेच्या रंगाचं. सत्यवती होजियरीच्या कारखान्यात लागली. मोज्यांची शिवण जुळवायची. सुरुवातीला तिला सगळ्यात जास्त त्रास झाला तो उन्हाचा, म्हणजे ऊन नसण्याचा. पाचपावलीत मे महिन्यात जिला नवतपाचे भाजून काढणारे नऊ दिवस नकोसे व्हायचे, ती इथे खिडकीत उन्हाचा पट्टा आला की काम टाकून त्यात जाऊन उभी राहायची.

एकदा तिला सांबारवडी करायची हुक्की आली. कोपऱ्यावरच्या गुजराती दुकानदाराला तिने सांबार मागितला. त्याने मद्रासी मसाल्याची पुडी काढून दिली. "हा नाही, हिरवा सांबार," ती म्हणाली. तो गोंधळला. शेवटी भाजीच्या खोक्यात तिला जुडी दिसली. "अरे, कोथमीर!" तो म्हणाला. तिने जुडी घेतली, नाकाला लावली, आणि दुकानातच तिचे डोळे भरून आले. आपल्या शब्दाने मागितलं तर आपली वस्तू मिळत नाही, अशा ठिकाणी आपण राहायला आलो आहोत, हे तिला त्या दिवशी खरं कळलं. वड्या चांगल्या झाल्या. गिरिधरने खालच्या पंजाबी बाईलाही नेऊन दिल्या.

रंभाबाईला बोलवायचा त्यांनी प्रयत्न केला. पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. तिनेच रुपरावकडून लिहून कळवलं: "मले बोलवू नका. मी सायबाले काय सांगू? मले माहं घर ठाऊक हाये, तेवढं पुरे. तुम्हीच या."

जायला जमलं नाही. सुट्टी होती तेव्हा पैसा नव्हता, आणि मग सत्यवतीला दिवस गेले.

मुलगी झाली ती चौऱ्याहत्तरच्या मार्चमध्ये. नाव तारा ठेवलं. जन्माची नोंद करायला दोघं कचेरीत गेले. तिथला म्हातारा कारकून भला माणूस होता. बाळाकडे पाहून हसला. त्याने सावकाश अक्षरांत नाव लिहिलं, बापाचं लिहिलं, आईचं लिहिलं, आणि विचारलं, आईचं जन्मस्थान?

"नागपूर," सत्यवती म्हणाली. "पाचपावली, नागपूर."

कारकुनाने लिहिलं, इंडिया. तिने बोटाने दाखवून पुन्हा सांगितलं, नागपूर. परदेशात जन्मलेल्यांचा नुसता देश लिहायचा असा नियम आहे, तो म्हणाला आणि खरोखर वाईट वाटल्यासारखी त्याने मान हलवली. गिरिधरने तिच्या खांद्याला हात लावला.

बाहेर बारीक पाऊस होता. शालीत गुंडाळलेली तारा झोपली होती.

"मायले तार करू," गिरिधर म्हणाला.

पोस्टाच्या खिडकीवर त्याने डाव्या हाताने फॉर्म भरला. आतल्या मुलीला त्याचं अक्षर लागेना. तिने काचेवर टकटक करून पत्ता एकेक अक्षर सांगायला सांगितलं. सत्यवती पुढे झाली. इंग्रजी अक्षरं तिला आता येत होती. बाळ एका हातावर सांभाळत, काचेला तोंड लावून तिने आधी रंभाबाईचं नाव सांगितलं, मग पाचपावली, मग नागपूर. मुलगी प्रत्येक अक्षर लिहून तिच्याकडे पाहत होती. शेवटचं अक्षर झाल्यावर सत्यवती म्हणाली, एकदा वाचून दाखवा.

मुलीने वाचून दाखवलं. उच्चार पार चुकीचा होता. सत्यवतीने मान डोलावली आणि पदराने डोळे पुसत बाळाला गिरिधरच्या हातात दिलं.