दांडीवरची जागा

मेरेनिया माझ्या थोरल्या बहिणीची, किरीची, मुलगी. रोटोरुआच्या जंगलात सायकलींसाठी वाटा घडवणारी जी टोळी आहे, तिच्यात ती लग्नाच्याही आधीपासून. हातात कुदळ असो की हँडल, ती दमलेली मी कधी पाहिली नाही. तिची लेक रिमू नीट बसायला लागली तशी मेरेनियानं आपल्या माउंटन बाइकच्या दांडीवर एक छोटं खोगीर बसवून घेतलं. पाय अडकवायला दोन पट्टे, धरायला इवलंसं हँडल. रिमू तिथं बसली की आईच्या दोन्ही हातांच्या मधोमध यायची आणि तिचं हेल्मेट आईच्या हनुवटीखाली.

"मागं पोत्यासारखी बसवली तर तिला माझी पाठच दिसणार," मेरेनिया म्हणायची. "पुढं बसली की वाट तिची."

तिचा नवरा इओसेफो, आमचा सेफो, सामोआ बेटांवरचा. सुतारकाम करतो. दारात उभा राहिला की खोलीत अंधार पडतो असा गडी. त्याला सायकलीचं वेड नव्हतं; शनिवारी सकाळी तो मायलेकींना पाव-लोणी बांधून द्यायचा आणि परत झोपायचा.

एप्रिलातला शनिवार होता, इकडं हिवाळा तोंडावर आलेला. मेरेनिया रिमूला घेऊन पुढं, मी माझ्या सायकलीवर मागं. माझी साठी जवळ आली तरी सोप्या वाटा मला अजून झेपतात. उघड्या माळावरून वाट खाली गर्द झाडीत शिरते तिथं टोटाराचा एक जुना वृक्ष उभा आहे. वाट खणताना तो पाडायचा असं ठरलं होतं, तेव्हा मेरेनियानंच भांडून तो वाचवला आणि वाट त्याच्या कडेनं वळवून घेतली. त्या वळणावरून ती हजारदा गेली असेल. त्या दिवशी तिच्या हँडलाचं टोक त्याच बुंध्यावर आदळलं.

सायकल गर्रकन फिरली. मेरेनियानं एका हातानं रिमूला छातीशी ओढलं आणि स्वतः खाली, पोर वर, अशी दोघी नेच्यांच्या गचपणात पडल्या. मी सायकल टाकून धावले. रिमूच्या गालावर एक ओरखडा होता, बाकी काही नाही. ती उठून बसली, हेल्मेट सावरलं आणि म्हणाली, "आई, परत!"

मेरेनिया उठली नव्हती. तिच्या कोपरातून रक्त येत होतं.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"हात घसरला."

"मेरे, ते झाड माझ्याहून म्हातारं आहे. ते काही घसरून वाटेत आलेलं नाही."

"ऊन आलं डोळ्यांवर."

"इथं? इथं ऊन कुठं आहे?"

गेल्या काही महिन्यांत मी तिला समोर ठेवलेल्या घमेल्याला ठेचकाळताना पाहिलं होतं. कप टेबलाच्या कडेवर ठेवताना पाहिलं होतं. तेव्हा मनात जे आलं ते मी येऊ दिलं नव्हतं. आता मी तिच्याजवळ गुडघ्यांवर बसले आणि म्हटलं, "माझ्या नाकाकडं बघ. नजर हलवू नकोस." आणि माझा हात तिच्या कानाच्या रेषेत, जरा पुढं धरला. "किती बोटं?"

"कुठली बोटं?" ती म्हणाली.

मी हात खाली घेतला. रिमूला वाटलं खेळ चाललाय, तिनंही आपली बोटं नाचवून दाखवली.

किरीचं असंच सुरू झालं होतं. आधी संध्याकाळी दिसेना, मग कडेचं दिसेना, आणि मेरेनिया शाळेत जायच्या वयाची होती तेव्हा किरीला दुकानापर्यंत हीच हात धरून न्यायची. आमच्या आईकडच्या घरात हा डोळ्यांचा आजार आहे. कोणाच्या वाट्याला येईल, कोणाच्या नाही, याचा काही नेम नाही.

"मधलं सगळं दिसतं, मावशी," मेरेनिया म्हणाली. "अगदी लख्ख. आणि मधे रिमूच असते. म्हणून वाटलं, अजून थोडे दिवस..."

मी रुमाल काढून तिच्या कोपराला बांधला. रागवायचं होतं, पण तिचा चेहरा बघून माझ्याच्यानं होईना.

आम्ही चालत खाली उतरलो. रिमूला खोगिरावर बसवून मेरेनिया सायकल ढकलत होती आणि पोर वाटभर ओरडत होती, "चालव ना! आई, चालव!" मागून येणारा एक जण थांबला. "पंक्चर का?"

"हो, पंक्चर," मी म्हटलं.

मेरेनियानं त्याच संध्याकाळी सेफोला सांगितलं. मला तिनं थांबवून घेतलं होतं, म्हणून मी स्वयंपाकघरात उभी होते. सेफो तारो, म्हणजे अळूचे कंद, सोलत होता. सगळं ऐकेपर्यंत त्याची सुरी थांबली नाही. मग त्यानं ती खाली ठेवली.

"तुला कधी कळलं?"

"मागच्या हिवाळ्यात."

"आणि तू तिला घेऊन जात राहिलीस."

"सांगितलं असतं तर सगळं बंद पडलं असतं."

"पडलंच असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं, सेफो."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो उठून मागच्या छपरात गेला. पान्यानं बोल्ट सोडवल्याचा आवाज आला. खोगीर त्यानं खिळ्याला टांगून ठेवलं आणि परत येऊन उरलेला तारो सोलला. त्यानंतर कितीतरी दिवस त्या घरात दोघं फक्त रिमूशी बोलत होते. "आईला सांग, जेवण झालंय." "बाबाला सांग, मला भूक नाही." बिचारं पोर निरोप पोचवून पोचवून कंटाळलं.

डॉक्टरांनी जे सांगायचं ते सांगितलं. गाडी चालवणं त्या दिवसापासून बंद. दिवसा मोकळ्यावर काम करता येईल, पण जपून. किती वर्षं, ते नक्की नाही. आणि रिमूला हे येण्याची शक्यता निम्मी. रक्त तपासून आधीच कळू शकतं. बाहेर आल्यावर सेफो म्हणाला, "तपासून टाकू. मला अंधारात राहायचं नाही."

"तो अंधार तुझा नाही," मेरेनिया म्हणाली. "तिचा आहे. मोठी होईल, तिला हवं तर बघेल. मला माझं सातव्या वर्षी कळलं असतं तर मी कधी सायकलवर बसलेच नसते."

किती तरी दिवसांनी ती त्याच्याशी थेट बोलली होती. सेफोनं वाद घातला नाही. गाडीत बसल्यावर त्यानं तिचा पट्टा लावून दिला. तिला तो लावता येत होता, तरी.

रिमूला यातलं काय कळणार? शनिवार आला की ती हेल्मेट उलटं डोक्यावर घालून दाराशी बसायची. मेरेनिया तिला मांडीवर घ्यायची, गाणी म्हणायची. तरी पोर दाराकडंच बघायची. असे काही शनिवार गेले आणि एके सकाळी सेफो माझ्या अंगणात येऊन उभा राहिला.

"मावशी, मला सायकल शिकवाल?"

"मी शिकवेन रे. पण आधी सायकलला विचारायला हवं."

"हसू नका. मी खरंच म्हणतोय."

"मी खरंच हसतेय."

पण शिकवलं, त्यानं विकत आणलेल्या एका जुन्या सायकलीवर. लहानपणी तो गावात सायकल चालवायचा, पण जंगलात उतारावर सायकल सोडणं वेगळं. पहिल्या दिवशी तो गॉर्सच्या काटेरी झुडपात गेला, दुसऱ्या दिवशी ओढ्यात. मेरेनिया एका ओंडक्यावर बसून बघायची. मग तिच्यानं राहवेना.

"ब्रेक दोन बोटांनी दाब. मुठीनं नको. तू हातोडा धरलेला नाहीस!"

"बरं."

"चाकाकडं काय बघतोस? वाटेकडं बघ. चाक येतं आपोआप मागनं."

"बरं, बाई."

"आणि उतारावर बूड उचल, सेफो. ते खुर्चीत ठेवायला दिलेलं नाही."

रिमू टाळ्या पिटून ओरडली, "बूड उचल, बाबा!" आणि दोघं एकदमच हसली. मग मेरेनियानं तोंड फिरवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

हिवाळा सरता सरता त्याला सोपी वाट न पडता जमू लागली. खोगीर त्याच्या सायकलीला कोण बसवणार हे कोणी बोललं नाही. एका सकाळी मेरेनियानंच ते खिळ्यावरून काढलं. बोल्ट तिनं बोटांनी चाचपून बसवले, दोन्ही हातांनी खोगीर हलवून पाहिलं, पुन्हा आवळलं, पुन्हा हलवून पाहिलं. मग रिमूला उचलून बसवलं, पट्टे घट्ट केले आणि सेफोला म्हणाली, "हळू जा."

"तू पुढं चालत जा," तो म्हणाला. "आम्ही तुला गाठतो."

ती निघाली. तिला पुरेसा वेळ देऊन आम्ही सुटलो, सेफो पुढं, मी मागं. खालच्या लांब वळणावर ती वाटेच्या आतल्या अंगाला, नेच्यांत पाय रोवून उभी होती. नजर समोर लावलेली. कडेनं आम्ही येतोय हे तिला चाकांच्या आवाजावरून कळलं असावं. तिनं मान वळवली. रिमू किंचाळली, "आई! बाबा चालवतोय!" सेफोचा चेहरा लालबुंद होता, जीभ बाहेर. ते दोघं तिच्यासमोरून गेले, तसं तिनं सबंध डोकं फिरवत त्यांना वळणापर्यंत नजरेत धरून ठेवलं. मग ती खाली बसली. मी थांबले.

ती रडत होती, आवाज न करता. मी तिच्या शेजारी बसले. थोड्या वेळानं तिनं नाक पुसलं.

"ब्रेक फार दाबतो," ती म्हणाली.

"शिकेल."

खाली सेफो गवतावर आडवा पडला होता आणि रिमू त्याच्या पोटावर बसून आपलं हेल्मेट काढायची खटपट करत होती. मेरेनियानं ते काढून दिलं. मग ती सेफोच्या बाजूला बसली आणि विचारलं, "सोमवारी वरच्या वाटेला चर खणायचेत. मला सोडशील?"

"सोडेन," तो डोळे मिटूनच म्हणाला. "किती वाजता?"