बाही

"उंटाला हात लागलाय, डॉक्टर. आता उंटच चालवायचा."

शिंप्याने हे वाक्य अकरा वर्षं घोटून ठेवलं होतं. आवाज जराही कापला नाही, याचं त्यालाच कौतुक वाटलं. लीगच्या सामन्यात चार पट संपले होते, गुण दोन-दोन. क्लबातली सगळी मंडळी या पाचव्या पटाभोवती गोळा झाली होती.

डॉक्टरांचा हात खरं तर हत्तीकडे निघाला होता. वाटेत त्यांच्या सैल बाहीचं दोऱ्यावर लोंबणारं बटण उंटाला लागलं आणि उंट आडवा झाला. बोटसुद्धा लागलं नव्हतं. शिंप्याच्या नजरेतून बटण सुटेल कसं? पण त्याने मुद्दाम 'हात' म्हटलं.

अकरा वर्षांपूर्वी अशाच सामन्यात तो वजिराने डॉक्टरांचा उंट मारायला निघाला होता आणि त्याची बाही स्वतःच्याच घोड्याला लागली होती. "घोड्याला हात लावलात," डॉक्टर शांतपणे म्हणाले होते. पंचांनी मान डोलावली. हात लावलेला मोहरा चालवायलाच हवा. घोडा हलला, राजा उघडा पडला, संघ हरला. पुढे वर्षभर क्लबात एकच थट्टा, "बाह्या कापून या हो!" लोकांच्या बाह्या कापून पोट भरणाऱ्या माणसाला हे ऐकावं लागलं. तेव्हापासून त्याने स्वतःचे सगळे शर्ट अर्ध्या बाह्यांचे शिवले. बायको म्हणायची, "थंडीत गारठून मराल." तो म्हणायचा, "आधी त्याला हरवतो."

डॉक्टरांनी वाद घातला नाही. उंट एक घर सरकवला आणि सात चालींनंतर हार मानून हात पुढे केला. शिंप्याने तो बोटांच्या टोकांनी धरला.

डाव संपला की दोघांनी तो पुन्हा मांडून चूक शोधायची, अशी क्लबची रीत. "हा राहू द्या," म्हणत शिंप्याने खिशातून घड्यांवर फाटत आलेला, चाली लिहिलेला कागद काढला. "हा मांडू. ओळखता?"

डॉक्टरांनी कागद वाचून मोहरे मांडले. "उंट मारायचा होता ना? मारा."

शिंप्याने मारला. इतकी वर्षं तो डाव इथपर्यंतच मांडायचा. पुढे नुसता राग यायचा. डॉक्टरांनी हत्ती सरळ शेवटच्या रांगेत नेला. "शह. तुम्ही हत्ती मध्ये घालाल, मी तो घेईन. मात."

शिंप्याने चाली तीनदा मागे घेतल्या, तीनदा पुढे नेल्या. मात टळेना.

"म्हणजे मी हरणारच होतो?"

"हो. आणि बाही लागली होती, हात नव्हे. मला दिसलं होतं." डॉक्टरांनी चष्मा पुसला. "उगाच केलं मी ते. आज मात्र मी हत्ती चालवला असता, तर डाव बरोबरीत सुटत होता."

मागे त्याचा संघ आनंदाने कालवा करत होता. कोणीतरी पाठ थोपटून गेलं. शिंप्याने तिकडे वळून पाहिलं नाही.

"तुमचं बटण लागलं होतं," तो शेवटी म्हणाला.

"ठाऊक आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"कुठल्या तोंडाने बोलू?"

शिंप्याला अजूनही रागच येत होता, पण तो कोणावर काढायचा तेच कळेना. त्याने कॉलरच्या आतून दोरा ओवलेली सुई काढली.

"हात द्या इकडे," तो खेकसला.

डॉक्टरांनी हात पटावर, मोहऱ्यांच्या मधोमध ठेवला. शिंपी मान खाली घालून बटण शिवू लागला. खिडकीतून गार वारा येत होता आणि त्याच्या उघड्या हातांवर काटा उभा राहिला होता.