अण्णासाहेबांचे फुकटचे लेख

भाग्यश्रीचे वडील निगडीतल्या एका प्रेसशॉपमध्ये, पत्रा दाबून भाग काढणाऱ्या मशीनवर होते. उजव्या हाताची दोन बोटं मशीनखाली देऊन ते निवृत्त झाले. हिंजवडीत नोकरी लागल्यावर भाग्यश्रीनं अशा पॉवर प्रेसवर काम करणाऱ्यांसाठी मराठीत एक वेबसाइट काढली, त्यामागे ही बोटं होती. हात आत जाऊ न देणारा प्रेसचा गार्ड कसा असावा, तो नसेल तर कोणाकडे तक्रार करायची, अपघातानंतर पहिल्यांदा काय करायचं, असलं साधं-सरळ लिखाण. वाचणारे होते, पण दर आठवड्याला नवं काही द्यायचं तर आणायचं कुठून? इंग्रजीतलं उचलून भाषांतर करावं तर इथल्या कामगाराला ते परकं वाटायचं, आणि पैसे देऊन लिहून घ्यायची तिची ऐपत नव्हती. शेवटी तिनं वेबसाइटवरच आवाहन टाकलं : या कामातलं कोणाला काही लिहायचं असेल तर पाठवा, मानधन देता येणार नाही.

दोन दिवसांत अण्णासाहेबांचा लेख आला. चाकण पट्ट्यात अनेक वर्षं सेफ्टीचं काम पाहिलेला माणूस, एवढीच ओळख. लेख मात्र असा नेटका, की भाग्यश्रीला एक स्वल्पविराम हलवावा लागला नाही. मग दुसरा आला, तिसरा आला. वाचक वाढायला लागले.

तिसऱ्या लेखानंतर तिला खटकायला लागलं. नाव छापा म्हणाले नाहीत, फोटो दिला नाही. भेटायला येते म्हटलं की तब्येत बरी नाही, फोन केला की उचलायचे नाहीत. नंतर एक रेकॉर्ड केलेला निरोप यायचा. घोगरा, दमानं बोलणारा आवाज : "ताई, कामगारांचं भलं व्हावं, एवढीच इच्छा. दुसरं काही नको."

"दुसरं काही नको म्हणणाऱ्याला काहीतरी हवं असतं," तिची मैत्रीण जास्मिन म्हणाली. जास्मिनचं कामच दुकानदारांच्या जाहिराती इंटरनेटवर चालवायचं, तिला अशी माणसं रोज भेटत. "लेख चोरीचे आहेत का बघ. कुठल्या कंपनीची लिंक घुसवली असेल तर बघ."

रहाटणीच्या घरी बसून दोघींनी एकेक वाक्य इंटरनेटवर शोधलं. कुठंच सापडलं नाही. लिंक नव्हती, कुठल्या मालाचं नाव नव्हतं.

"म्हणजे खरंच भला माणूस?" भाग्यश्रीनं विचारलं.

"माहीत नाही गं. फक्त आपण ज्या गोष्टी तपासल्या, त्या यात नाहीत. एवढंच कळलं."

ते वाक्य भाग्यश्रीच्या मनात रुतून बसलं. तरीही पाचवा लेख आला तेव्हा तिनं तो चढवला. त्या आठवड्यात ऑफिसचं काम अंगावर आलं होतं आणि तिचं स्वतःचं काहीच लिहून झालं नव्हतं.

पाचव्या लेखात एका अपघाताची हकीकत होती. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी ती एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, म्हणजे हात आत राहत नाहीत. लेखात लिहिलं होतं की चाकणजवळच्या एका कारखान्यात उदगीरकडून आलेल्या तरुण ऑपरेटरनं जास्त माल काढायच्या हव्यासापोटी एका बटणात स्वतःच पाचर मारून ते दाबलेलंच ठेवलं आणि पंजा गमावला. शेवटी उपदेश : मित्रांनो, घाई नको.

चार दिवसांनी त्याखाली कोणीतरी लिहिलं, "ही माझ्या नवऱ्याची गोष्ट आहे. तुम्हाला कोणी सांगितली?" सोबत फोन नंबर.

भाग्यश्रीनं फोन लावला. पलीकडे हसीना नावाची बाई होती. ती रागानं बोलत नव्हती, एकेक शब्द मोजून बोलत होती. "फोनवर न्हाई सांगनार. यायचं तर या. एकट्या या."

रविवारी भाग्यश्री स्कूटी घेऊन मोशीच्या गर्दीतून महाळुंग्याला गेली. पत्र्याच्या खोल्यांची रांग. हसीना दारातच उभी होती. आत कॉटवर नौशाद बसला होता, डाव्या मनगटापाशी पट्टी. त्यानं तिला बस म्हटलं नाही.

"पाचर मी मारली न्हाई," तो म्हणाला. "लाइन इनचार्जनं मारली. दोन्ही पाळ्यांना तसंच चालायचं. मी नको म्हनलो तर म्हनला, गेटच्या बाहेर तुझ्यासारखे रांगेत उभेत."

"मग लेखात असं कसं आलं?"

"ते आमी तुमाला विचारतोय, ताई," हसीना म्हणाली. "भरपाईची केस चालू हाये. यानं स्वतः पाचर मारली असं ठरलं तर कंपनी आन् कॉन्ट्रॅक्टर अंग काढून घेनार, असं वकील म्हनले. आता सगळ्या कॉलनीत तुमचा लेख फिरतोय. याच्यासोबतची पोरंसुद्धा म्हनायला लागली, असंल बाबा."

भाग्यश्रीनं मोबाइल काढला आणि अण्णासाहेबांचा निरोप लावला. कामगारांचं भलं व्हावं, एवढीच इच्छा.

हसीनानं नवऱ्याकडे पाहिलं. "हाच," ती म्हणाली. "दवाखान्यात केळी घेऊन आलेला. याला कामाला लावनाऱ्या कॉन्ट्रॅक्टरचा मानूस. कुठल्या गावचे, घरी कोन-कोन, सगळं गोड बोलून विचारून घेतलं."

भाग्यश्रीनं निरोप बंद केला. नौशाद तिच्याकडे रोखून बघत होता.

"तुमचा यात काय फायदा?" त्यानं विचारलं.

"काहीच नाही."

"त्यो पन असंच म्हनला व्हता."

घरी जाईपर्यंत तिला दम निघाला नाही. रस्त्यातच स्कूटी बाजूला घेऊन तिनं अण्णासाहेबांना निरोप पाठवला : मी नौशादला भेटून आले. या वेळी पहिल्यांदाच त्यांचा फोन आला.

"ताई, मी कोणाचं नाव घेतलंय का? उदाहरण काल्पनिक आहे."

"मग उदगीर कशाला लिहिलंत?"

ते तितक्याच दमानं म्हणाले, "फुकट घेताना विचारलं नाहीत. आता विचारता?" आणि फोन ठेवला.

हे तिला सगळ्यात जास्त झोंबलं, कारण ते खरं होतं.

लेख कधी आला, कुठल्या नंबरवरून आला, याच्या नोंदी आणि ते निरोप तिनं हसीनाच्या वकिलांना दिले. लागेल तिथं येऊन सांगेन असंही कबूल केलं. मग पाचवा लेख काढला. बाकीच्या चारांत खोट काढता येत नव्हती, तरी तेही काढले आणि का काढले ते वेबसाइटवर स्पष्ट लिहिलं. नौशादची बाजू छापायची तिची फार इच्छा होती. वकील म्हणाले, केस संपेपर्यंत नको, आणि नौशाद म्हणाला, केस संपल्यावर बघू. तिनं पुन्हा विषय काढला नाही. सुनावणीत समोरच्यांनी त्या लेखाचा उल्लेखच केला नाही. पुढची तारीख पडली. कॉलनीतली पोरं मात्र नौशादकडे पुन्हा येऊन बसायला लागली, असं हसीनानं कळवलं.

वेबसाइट काही आठवडे ओस पडली. मग त्या खुलाशाखाली एकेक जण लिहायला लागला : आमच्याकडेही बटण बांधूनच ठेवलंय. आमच्याकडे गार्ड फक्त तपासणीच्या दिवशी लागतो. लिखाण आपोआप येत होतं, फुकट येत होतं आणि नेमकं त्या कामातलंच होतं. भाग्यश्रीनं त्यातलं एकही तसंच छापलं नाही. प्रत्येकाला ती एकच उत्तर देते : भेटून बोलू. निम्मे तिथंच गळतात.

परवा खराबवाडीच्या एका चहाच्या टपरीवर असाच एक ऑपरेटर भेटला. त्यानं आधी तिचं ऑफिसचं ओळखपत्र मागितलं, मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि कोणालातरी पाठवला. उत्तर येईपर्यंत त्यानं ओळखपत्र हातातच धरून ठेवलं. भाग्यश्री चहा पीत थांबली. त्याच्या बाहीवर तेलाचे ताजे डाग आहेत ना, हे ती केव्हाच बघून बसली होती.