दुसऱ्या बाजूचा शेवट

‘तुमची बावीस मिनिटं संपली की आम्हाला उठवा,’ असं कुणीतरी चॅटवर लिहिलं आणि त्याखाली सतरा जणांनी हसरे चेहरे चिकटवले. जयसिंगरावांनी चष्मा नाकावर नीट बसवला. रविवारची सकाळ, दहा वाजून चार मिनिटं. गवीपुरमच्या घरातल्या आतल्या खोलीत, मुलाने परदेशी जाताना मागे सोडलेल्या संगणकासमोर ते बसले होते, आणि त्यांनी तोंड उघडण्याआधीच भांडणाला तोंड फुटलं होतं.

‘आडवाट’ हे इंटरनेट रेडिओ स्टेशन. अभिजीत नावाच्या पुण्याच्या मुलाने ते नऊ वर्षांपूर्वी शहराच्या दुसऱ्या टोकाला, मारतहळ्ळीच्या आपल्या फ्लॅटमधून सुरू केलं. तिथे फक्त प्रोग्रेसिव्ह रॉक वाजतं. म्हणजे वीस-वीस मिनिटांची गाणी, सात मात्रांचे आडमुठे ताल, मधेच ऑर्गन, मधेच बासरी आणि ऐकणारे मोजून चारशे. पण हे चारशे जण भाऊबंदकीला लाजवतील असे भांडतात. सत्तरच्या दशकातलं तेच खरं म्हणणारे एकीकडे, आजचे बँड त्याहून सरस म्हणणारे दुसरीकडे. नवे जुन्यांना ‘म्युझियम’ म्हणतात, जुने नव्यांना ‘कॅल्क्युलेटर’. बहुतेकांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलेलं नाही, त्यामुळे तोंड सोडायला कुणाला संकोच वाटत नाही.

रविवारी दहा ते अकरा हा तास जयसिंगरावांचा. एकतीस वर्षं त्यांनी घड्याळाच्या कारखान्यात तपासनीस म्हणून काढली होती. निवृत्तीनंतर ते दूध आणणारे, गॅसचा नंबर लावणारे, लग्नात दुसऱ्या पंगतीला बसणारे एक गृहस्थ होते. या एका तासात मात्र कोचीपासून कॅनडापर्यंतचे लोक त्यांना ‘जेआर’ म्हणत, त्यांचं इंग्रजी ऐकून घेत आणि त्यांच्याशी कडाकडा भांडत. आयुष्यात आपल्याशी भांडावंसं कुणाला तरी वाटतं, ही गोष्ट त्यांना फार सुखाची होती.

आज तर त्यांचा हक्काचा दिवस होता. ‘लॉकगेट’ नावाचा एक इंग्रजी बँड १९७४ साली एकच रेकॉर्ड काढून गुडूप झाला होता. तिची अख्खी दुसरी बाजू म्हणजे एकच रचना. ती रेकॉर्ड बाजारात मिळत नव्हती, नेटवरही नव्हती. जगात असलीच तर जयसिंगरावांच्या कॅसेटमध्ये होती. १९८३ साली त्यांच्या मित्राने, विठोजीने, कुणाकडून तरी रेकॉर्ड आणून ती भरून दिली होती. विठोजी कारखान्यात डायल विभागात होता. तीन वर्षांनी आनेकलहून आईला भेटून परतताना त्याच्या स्कूटरला लॉरीने ठोकरलं. अठ्ठावीस वर्षांचा होता. त्याच्या तिथीच्या आठवड्यात जयसिंगराव दरवर्षी ती रचना वाजवत.

तिचा शेवट असा होता की ढोल, ऑर्गन, बासरी सगळं शिगेला पोचतं, गाणारी बाई एक सूर उचलते, आणि त्या सुरातच सगळं तुटतं. पुढे काही नाही. कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची, पुढे सात मिनिटं कोरी. म्हणजे कॅसेट संपली म्हणून नव्हे, रचनाच तिथे संपते म्हणून. जयसिंगरावांनी या शेवटावर नऊ वर्षं प्रवचनं दिली होती. विठोजी गेला तेव्हा त्यांना दुसरं कुठलं प्रवचन उपयोगी पडलं नव्हतं. माणूस अर्ध्यात गेला असं सगळे म्हणत होते, आणि ते मनात म्हणत होते की अर्ध्यात थांबणं हाही पुरा शेवट असतो, आमच्या विठोजीनेच तो मला ऐकवलाय.

रचना संपली तशी त्यांनी माइक सुरू केला.

“हे ऐका,” ते इंग्रजीत म्हणाले. “याला थांबणं म्हणतात. तुमच्या नव्या बँडना थांबताच येत नाही. ते ‘नल व्हेक्टर’ ऐकलं मी. पाहुणा चप्पल घालून दारात उभा राहतो आणि आणखी अर्धा तास बोलतो, तसं आहे. गाणं नाही ते, इंजिनियरिंगचा पेपर आहे.”

‘नल व्हेक्टर’ हा नवा बँड म्हणजे रम्याचं दैवत. रम्या निपाणीची, सत्तावीस वर्षांची, मारतहळ्ळीला एका सॉफ्टवेअर कंपनीत. अकरा ते बारा तिचा तास. ती गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. पडद्यावर तिची ओळ आली, ‘लॉकगेटची रेकॉर्ड परवा नव्याने निघाली आहे. मूळ टेपवरून. दुसरी बाजू चोवीस मिनिटं दहा सेकंदांची आहे. जेआर, तुमची बावीस एकतीस. उरलेली कुठे गेली?’

खाली तिने दुवा दिला होता. मग जी झुंबड उडाली ती विचारू नका. घड्याळ तपासणाऱ्याची नव्व्याण्णव सेकंदं हरवली, म्युझियममधली मूर्ती निम्मीच निघाली, नऊ वर्षं तुटक्या टेपची पूजा. जुन्यांच्या गोटातला एकही माणूस मदतीला आला नाही. उलट त्यांच्यातलेच एक वयस्कर गृहस्थ कोलकात्याहून लिहिते झाले की यांच्यामुळे आपली सगळ्यांची शोभा झाली.

जयसिंगरावांनी दुवा उघडला नाही. “खोटं असेल ते,” एवढंच म्हणाले, आणि अकराला सहा मिनिटं असताना तास बंद करून उठले.

गुरुवारी अभिजीतचा फोन आला. रम्यालाही त्याने जोडून घेतलं होतं.

“काका, चिल. एवढं पर्सनली घेऊ नका,” अभिजीत म्हणाला. “पण लोकांनी पोल टाकलाय. संडेचा स्लॉट नव्या बँडना द्यायचा का म्हणून. आणि खरं सांगू का, रिझल्ट काही बरा नाहीये.”

“किती?”

“दोनशे अकरा विरुद्ध अडतीस. पण तुम्ही ऑन एअर सॉरी म्हणालात ना, तर मी मॅनेज करतो. लोकांना तेवढंच हवं असतं.”

“मी कशाला सॉरी म्हणू? माझी कॅसेट आहे ती.”

“ओ काका,” रम्या मधे पडली, “तुम्ही नऊ वर्षं चुकीचं सांगालाय. आमच्या बँडला शेवट करता येत नाही म्हणून वर आम्हालाच शिव्या. ऐकून तरी बघा की एकदा.”

“तू स्वल्प गप्प बस. तुझ्या जन्माआधीची गोष्ट आहे ती.”

“म्हणून काय खरी होते काय?”

त्यांनी फोन ठेवला. संध्याकाळी दार लोटून घेऊन त्यांनी तो दुवा उघडला. बावीस मिनिटं एकतीस सेकंदांना बाईने सूर उचलला, आणि तुटला नाही. पुढे गेला. बासरीने सुरुवातीचीच चाल पुन्हा धरली, मागून लहान मुलांचा कोरस आला, घंटा वाजल्या, आणि सगळं गोड-गोड होत, रेंगाळत, हळूहळू विरलं. जयसिंगरावांनी ते तीनदा ऐकलं. तिन्ही वेळा त्यांना लाज वाटली. पाहुणा चप्पल घालून दारात उभा होता, आणि तो नव्यांचा नव्हता, त्यांचाच होता.

मग त्यांना राग आला तो विठोजीचा. हा शेवट ते विठोजीला शंभर वेळा वाखाणून सांगत, आणि विठोजी नुसता हसे. त्याला माहीत होतं तर. रेकॉर्ड त्याच्या हातात होती. करंट गेला असेल, सुई उडाली असेल, आणि पुन्हा भरायचा आळस. शहाण्याने आपल्याला चाळीस वर्षं खुळ्यात काढलं. मेलेल्या माणसावर रागावता येत नाही असं म्हणतात, पण जयसिंगराव रविवारपर्यंत चांगले रागावलेले होते.

रविवारी दहाला ऐकणारे चारशेचे सहाशे झाले होते. फजिती बघायला आलेले. जयसिंगरावांनी आरंभीच नवी प्रत लावली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक अक्षर न बोलता. विरत विरत ती संपली तेव्हा पडद्यावर ओळींचा नुसता पूर आला होता. बोला जेआर. आता बोला.

“मी नऊ वर्षं तुम्हाला चुकीचं सांगितलं,” ते म्हणाले. आवाज त्यांनी सांभाळला होता. “मी तपासनीस होतो, मी तपासायला हवं होतं. ज्या मित्राने मला ही कॅसेट भरून दिली, त्याच्याकडून काम अर्धवट राहिलं. तो निष्काळजी होता आणि मी त्याच्यावर भरवसा ठेवला. नव्या बँडबद्दल बोललो ते मागे घेतो. पुढच्या रविवारपासून हा तास रम्याकडे जाईल.”

वाटलं होतं, आता तरी थांबतील. पण पडलेल्याला आणखी एक लाथ घालायला माणसाला फार कष्ट पडत नाहीत. ‘मित्र पण तुमच्यासारखाच वाटतं,’ एकाने लिहिलं. दुसऱ्याने लिहिलं, ‘त्याला कुणीतरी बटण दाबायला शिकवायला हवं होतं.’ हसरे चेहरे, हसरे चेहरे. रम्याने त्यांना गप्प केलं नाही आणि त्यांच्यात सामीलही झाली नाही. तिने फक्त अकरा वाजता आपला तास वेळेवर सुरू केला.

जयसिंगराव बाहेर आले. पुढच्या खोलीत त्यांच्या पत्नी चंद्राबाई वर्तमानपत्र पसरून अवऱ्याच्या, म्हणजे पावट्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. डिसेंबर म्हणजे घराघरात अवरे. ते समोर बसले आणि एक शेंग उचलली.

“संपलं आजचं?” चंद्राबाईंनी विचारलं.

“कायमचंच संपलं. पुढच्या रविवारपासून दहाला मी मोकळा. मार्केटला कुठे जायचं तर सांग.”

“भांडलात होय कुणाशी?”

मग त्यांनी सांगितलं. चंद्राबाईंना त्या संगीतातलं ओ की ठो कळत नसे, चाळीस वर्षं त्या त्याला ‘तुमचा गोंधळ’ म्हणत आल्या होत्या. म्हणून त्यांनी लहान मुलाला सांगावं तसं सोपं करून सांगितलं, की विठोजीने दिलेली ती कॅसेट, तिचा शेवट, तो शेवटच नव्हता, विठोजीने काम अर्धवट ठेवलं, आणि आज सगळ्यांसमोर नाक कापलं गेलं.

चंद्राबाईंचे हात थांबले.

“अर्धवट नाही ठेवलं हो,” त्या म्हणाल्या. “विठोजीअण्णांनी मुद्दाम बंद केलं ते.”

“तुला काय माहीत?”

“मला त्यांनीच सांगितलं की. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला जेवायला आले होते तेव्हा. तुम्ही आत कॅसेट लावून ठेवली होती आणि मी वाढत होते. मला म्हणाले, वहिनी, हा हे जिथे संपतं म्हणतो ना, तिथे ते संपत नाही. पुढे अगदी रडगाणं लावलंय त्या लोकांनी. मला नाही आवडलं, म्हणून मीच तिथे बटण दाबलं. याला इतकं आवडलंय, आता सांगू कुठल्या तोंडाने? तुम्हीपण सांगू नका म्हणाले. मी सरी, बरं म्हटलं.”

“आणि चाळीस वर्षं सांगितलं नाहीस?”

“मला काय ठाऊक हे एवढं मोठं आहे. माणूस गेलं, मी विसरूनच गेले होते.” त्यांनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. “का हो? काय बोललात तुम्ही त्यांच्याबद्दल?”

जयसिंगरावांनी हातातली शेंग कागदावर ठेवली. ज्या शेवटावर त्यांनी नऊ वर्षं प्रवचनं दिली तो त्या इंग्रजांनी केलाच नव्हता. डायल विभागातल्या एका पंचवीस वर्षांच्या पोराने, आपल्या कानाला पटेल तिथे, एका बोटाने केला होता. त्या पोराला आज ते सहाशे लोकांसमोर निष्काळजी म्हणाले होते, आणि लोक त्याला हसले होते.

ते उठले आणि आत गेले. त्यांचा माइक अभिजीतने बंद केला होता, नावापुढचं सूत्रधाराचं चिन्ह काढून घेतलं होतं. आता ते इतर सहाशेंसारखेच एक. रम्याचा तास रंगात आला होता. ‘नल व्हेक्टर’ दणदणत होतं, आणि खाली नवे-जुने पुन्हा एकमेकांच्या उरावर बसले होते, ओळीमागून ओळी, वाचून होत नव्हत्या.

जयसिंगरावांनी दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत लिहिलं, ‘माझा मित्र विठोजी निष्काळजी नव्हता. पुढचा भाग त्याला आवडला नाही, म्हणून त्याने तिथे मुद्दाम थांबवलं. मी चुकीचं बोललो.’

ती ओळ पडद्यावर आली. तिच्यावर एक शिवी पडली, मग एक हसरा चेहरा, मग आणखी चार ओळी, आणि ती वर सरकत दिसेनाशी झाली. कुणी वाचली की नाही, कळायला मार्ग नव्हता.

बाहेरून चंद्राबाईंनी हाक मारली. जयसिंगराव ‘आलो’ म्हणाले, खुर्ची जरा पुढे ओढली आणि पहिल्या अक्षरापासून तीच ओळ पुन्हा लिहायला घेतली.