राउटरची दुपारची झोप

मित्रांनो, खरं सांगतो, हे लिहायचं मी टाळतच होतो. कारण यात एका माणसाची चहाडी आहे, आणि तो माझा जिवलग आहे.

मी एक जुना राउटर आहे. कारखान्यात जन्मलो, खोक्यात बसून या घरी आलो. तारेतून येणारं इंटरनेट मी घरभर वाटतो. सुरुवातीला काय कौतुक! कपाटावर जागा, अंगावर शोभेचा रुमाल. पुढे नेट जरा अडखळलं की पहिली थप्पड मलाच.

या घरातली सून एका प्रयोगशाळेचे अहवाल घरूनच टाइप करते. माझा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा माझा घरनंबर, ऑफिसात नोंदलेला असेल, तरच तिथला संगणक तिला आत घेतो. आणि माझं असं, की बंद होऊन पुन्हा सुरू झालो की नेटवाले मला नवाच पत्ता देतात.

रोज ती जेवून कामाला बसली की ऑफिसचं दार बंद! दिवे तर माझे सगळे हिरवे. साहेब फोनवर नवा पत्ता नोंदवून घेताना वैतागले, "रोज तुमच्याच घरी कसं हो होतं? असं चाललं तर तुम्हाला कायम करणं अवघड आहे." केबलवाला तार बदलून गेला. तरी पहिले पाढे पंचावन्न.

मला कारण ठाऊक होतं. पण मला तोंड कुठंय?

एकदा ती जेवणावरून मध्येच उठून आली, तर तिचे सासरे माझं बटण बंद करत होते. जन्मभर कारखान्यात लेथ मशीन चालवलेला माणूस.

"बाबा! तुम्ही?"

"अगं, अंग बघ कसं भाजतंय त्याचं! आम्ही जेवायला बसलो की मशीनपण थांबवायचो, हात धुतले की पुन्हा चालू. यानंच काय घोडं मारलंय?"

तिला हसू आलं आणि रडूही. "बाबा, हा झोपून उठला की याचा पत्ता बदलतो. माझी नोकरी जाईल हो अशानं!"

बाबांचा चेहरा उतरला. "मग आधी बोलायचं नाही का गं!"

"मला काय स्वप्न पडलं होतं?"

तिने साहेबांना खरं काय ते सांगितलं. बाबांनी माझा रुमाल काढला, खाली दोन लाकडी पट्ट्या सारल्या. वारा लागला, मी निवलो. पुढच्याच महिन्यात ती कायम झाली.

मित्रांनो, आम्हाला झाकू नका. आणि माया करण्याआधी एकदा विचारा.

बाबांना मात्र अजून घास गोड लागत नाही. ताटावरूनच हाक मारतात, "दमलास का रे गड्या?"

नाही हो बाबा. लाइटच गेली तर माझा इलाज नाही, पण एरवी माझा डोळा लागणार नाही. शब्द देतो. तुम्ही निवांत जेवा.