अडीच फुटांच्या बोळातली गाळणी

मिस्टर नाकामुरांनी कुंपणावरून हाक मारली तेव्हा प्रतिमा मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. शेजारचे हे पंचाहत्तरीचे गृहस्थ एरवी मान हलवण्यापलीकडे फारसं बोलत नसत. त्या दिवशी मात्र त्यांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. घर विकलं गेलंय. तीन आठवड्यांनी ते फ्रेझ्नोला मुलीकडे राहायला जाणार, तिचं अपार्टमेंट तिसऱ्या मजल्यावर. तेव्हा त्यांच्या तळ्यातले चार कोई, म्हणजे रंगीत जपानी मासे, प्रतिमाला हवे आहेत का?

"पण एक अट आहे, मिसेस डबीर. तळं कसंही असू दे. आधी मी पाणी साफ करणारी गाळणी बघणार. मग मासे."

प्रतिमाच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. सनीव्हेलला आल्यापासून सहा वर्षं ती फळ्यांच्या फटीतून ते मासे बघत आली होती. दोन केशरी-पांढरे, एक सोनेरी, आणि एक काळाभोर, हातभर लांब. विचारायची काही गरजच नव्हती.

विनय, तिचा नवरा, चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. संध्याकाळी घरी आल्याआल्या तिने त्याच्या हातात मोजपट्टी दिली. अंगण केवढं, तर बारा फूट बाय अठरा. त्यात लिंबाचं झाड, कपड्यांची दोरी आणि स्वयंपाकघराच्या पायऱ्या. आठ बाय सहाचा, तीन फूट खोल हौद कसाबसा बसत होता. मग विनयने तिने लायब्ररीतून आणलेलं माशांचं पुस्तक उघडलं आणि डोक्याला हात लावला.

"अगं, यात गाळणीच निम्म्या तळ्याएवढी आहे. लिंब काढावा लागेल."

"लिंबाला हात लावायचा नाही."

"मग कॅन्सल कर यार. जागा कुठेय?"

जागा एकच उरली होती. स्वयंपाकघराची भिंत आणि कुंपण यांच्यामधला अडीच फुटांचा बोळ. त्याच्या एका टोकाला गॅसचा मीटर, दुसऱ्या टोकाला कचऱ्याचा डबा. विनय त्यात आडवा होऊन शिरला आणि शर्टाला डाग पाडून बाहेर आला.

प्रतिमा आलेख-कागद घेऊन टेबलाशी बसली. नागपूरला तिने बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं होतं. इथे आल्यावर मात्र तिचा दिवस लायब्ररीत पुस्तकांवर तारखांचे शिक्के मारण्यात जायचा. कागदावर चौकोन काढता काढता तिला एकदम कॉलेजच्या सहलीत पाहिलेलं सांडपाण्याचं केंद्र आठवलं. सगळ्या मुली नाकाला रुमाल लावून लांब उभ्या होत्या, आणि ती एकटी पुढे जाऊन बघत होती. दगडांचा मोठा गोल थर, त्यावर फिरत फिरत शिंपडलं जाणारं घाण पाणी. दगडांवर बुळबुळीत साय धरलेली. त्या सायीतले जिवाणू घाण खातात आणि खालून पाणी निवळून बाहेर पडतं. पसरट टाकी कशाला हवी? पाणी दगडांवरून खाली पडलं म्हणजे झालं!

"विनय!" ती ओरडली. "आडवी जागा नाही ना आपल्याकडे? मग उभी वापरू!"

त्यानंतर दोघांनाही दुसरं काही सुचेना. जेवताना आकडे, गाडीत आकडे. बोळात दोन फूट रुंदीचं पिंप जमिनीत पुरायचं. हौदाच्या तळातून नळीने पाणी त्यात यायचं आणि जड घाण तिथे खाली बसायची. पिंपातला पंप पाणी वर चढवणार. वर लाकडी घोडीवर एकावर एक चार टब, तळाला भोकं पाडलेले, आत लाव्हाचे सच्छिद्र दगड. सगळ्यात वरच्या टबात पडलेलं पाणी झिरपत झिरपत खालच्या ताटात गोळा होणार आणि तिथून हौदात परत. कुंपण सहा फूट उंच होतं आणि घोडी भरली साडेपाच. बाहेरून कुणाला दिसायचीसुद्धा नाही!

दोन शनिवार-रविवार त्यांनी खणण्यात घालवले. पहिल्यांदा पंप सुरू केला तेव्हा विनयने टाळ्या वाजवल्या, आणि तासाभराने हौदातलं पाणी चार बोटं खाली गेलेलं दिसलं. टबांतून उडणारं पाणी कुंपणाच्या फळ्या भिजवत होतं. प्रतिमाने हौदाच्या अस्तराचा उरलेला काळा रबर तीन बाजूंनी टबांना गुंडाळला. दुसऱ्या दिवशी पाणी जिथल्या तिथे.

मिस्टर नाकामुरा गाळणी बघायला आले. बोळात शिरून त्यांनी हात टबाखाली धरला, बराच वेळ तसाच ठेवला.

"चांगली आहे," ते म्हणाले. "पण मेलेली आहे. हे दगड कोरे आहेत. जिवंत व्हायला किती दिवस?"

"सहा आठवडे," प्रतिमा म्हणाली. तिने ते आधीच हिशेबात धरलं होतं. "म्हणून तुमच्या गाळणीतले दगड मला हवेत. तुमचे जिवाणू इथे राहायला येतील."

म्हातारबुवा पहिल्यांदाच मोठ्याने हसले. शनिवारी दगड द्यायचं ठरलं.

शनिवारी सकाळी प्रतिमा चहा गाळत होती आणि पलीकडून पाण्याच्या फवाऱ्याचा आवाज आला. गाळणं हातात घेऊनच ती पळत सुटली. मिस्टर नाकामुरा अंगणात उकिडवे बसून, नळाच्या पाण्याने, एकेक दगड स्वच्छ धूत होते. पाच पोत्यांपैकी दोन धुऊन लख्ख झाली होती.

"थांबा! धुऊ नका!" तिने सरळ पाइपवर पाय दिला.

ते गांगरले. "घाण वस्तू कुणाला द्यायची नाही, मिसेस डबीर."

"ही घाण नाही! यातच जिवाणू असतात, काम तेच करतात. नळाच्या पाण्यात क्लोरिन असतं, त्याने मरतात ते."

मिस्टर नाकामुरांनी हातातला दगड खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "दर वसंतात मी सगळे दगड असे धुतो. आणि दर वसंतात मासे दोन आठवडे मलूल असतात. वीस वर्षं मला वाटत होतं, हवा बदलते म्हणून."

विनयला बोलावून उरलेली तीन पोती तिघांनी तळ्याच्याच पाण्यात बुडवून, बादल्या भरभरून, धावतपळत पलीकडे नेली. दगड सुकू द्यायचे नव्हते ना! प्रतिमाने मधले दोन टब त्या शेवाळी, बुळबुळीत दगडांनी भरले. चालण्याच्या घाईत पंचाहत्तर वर्षांचे नाकामुरा विनयच्या पुढे होते.

क्लोरिन काढून टाकलेल्या पाण्यात मासे सोडले. रोज सकाळी प्रतिमा परीक्षानळीत पाणी घेऊन तपासणीच्या औषधाचे थेंब टाकायची. पिवळं झालं की पाण्यात अमोनिया, म्हणजे माशांना विष. तिसऱ्या दिवशी नळी पिवळी झाली. तिने माशांचं खाणं बंद केलं आणि लायब्ररीतून दुपारी फोन करून, जेवायला घरी आलेल्या विनयला नळीचा रंग विचारला. पाचव्या दिवशी पिवळेपणा फिका झाला. आठव्या दिवशी नळीतून पलीकडचं लिंबाचं झाड स्वच्छ दिसलं. तिने नळी उंच धरली आणि अंगणातल्या अंगणात एक गिरकी घेतली.

त्याच संध्याकाळी तिने फ्रेझ्नोला फोन लावला. मिस्टर नाकामुरांनी आधी काळ्याची चौकशी केली, मग बाकीच्यांची. शेवटी म्हणाले, "मी आमच्या कोई क्लबातल्या मित्रांना सांगितलं. सगळ्यांची अंगणं लहान आहेत. एकदोन जण रविवारी येतील बघायला. चालेल ना?"

रविवारी अकरा जण आले. बोळात एका वेळी प्रतिमा आणि आणखी एक जण, एवढीच जागा. रांग पायऱ्यांवरून स्वयंपाकघरात आणि तिथून पार दिवाणखान्यापर्यंत गेली. विनय रांगेतल्या लोकांना चहा देत होता. कोणी वहीत टबांची उंची लिहून घेत होतं, कोणी विचारत होतं हिवाळ्यात काय करायचं. प्रतिमा कोपरापर्यंत ओली, प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत होती, आणि दर वेळी तिला काहीतरी नवीन सुचत होतं.

"दगड धुता का तुम्ही?" तिने सहाव्या माणसाला विचारलं.

"दर महिन्याला," तो अभिमानाने म्हणाला.

"या, या, आत या," प्रतिमा म्हणाली आणि बाह्या आणखी वर सारल्या.